पाव्हण्यांचं जेवण होईपर्यंत

आमच्या आळीत लग्नाचं आमंत्रण आलं की बायका मुहूर्त नंतर विचारत. आधी विचारत, पाव्हणे कुठल्या पंगतीला बसणार? ते पहिल्या पंगतीला बसले तर दुसऱ्या पंगतीची माणसं दारात ताटकळायची. शेवटच्या पंगतीला बसले तर घरच्या बायका उपाशी. पंगतीतला शेवटचा माणूस जेवल्याशिवाय कुणी पानावरून उठायचं नाही, ही आमच्याकडची रीत. आणि शेवटचा माणूस नेहमी पाव्हणेच. पाव्हणे म्हणजे एकच माणूस, आळी त्यांना याच नावाने ओळखे.

त्यांचं जेवण मी पुष्कळदा पाहिलं आहे, कारण वाढायला मी असायची. पान वाढून झालं की ते आधी मिठाकडे बघत, मग लिंबाकडे, मग डाव्या बाजूच्या चटणीकडे, जणू हजेरी घेताहेत. घास लहान. तोंडात गेला की डोळे मिटायचे आणि चावत राहायचं. चावताना बोलायचं नाही. कुणी काही विचारलंच तर डावा हात वर करून थांबवायचं, घास गिळायचा, आणि मग उत्तर द्यायचं. तोवर विचारणारा प्रश्न विसरलेला असे. दात पडले असतील म्हणून असं होत असेल, असं मला आधी वाटे. दात चांगले मजबूत होते.

"पावणं, आटपा की राव, समदं वऱ्हाड खोळंबलंय," कुणीतरी म्हणायचंच.

हात वर. घास खाली. मग, "अन्नाला कुठं जायाचं नाय. तुमाला जायाचंय का?"

मला जायचं असायचं. आळीच्या तोंडाशी माझी पिठाची गिरणी होती. नवरा एसटीत ड्रायव्हर, त्याच्या मुक्कामाच्या ड्यूट्या. गिरणी सगळी माझ्यावर. वीज कधी येईल नि कधी जाईल याचा भरवसा नाही, त्यामुळे असेल तेव्हा दळणं काढून घ्यायची. आळीच्या टोकाला कापडाचं दुकान असलेल्या शेठच्या मुलीच्या लग्नात मी पंगतीला बसले होते. माझं जेवण झालं, वीज आलेली मंडपातल्या पंख्यावरून कळली. पाव्हणे अजून वरणभातावर होते. मी उठले.

सगळी पंगत माझ्याकडे बघायला लागली. शेठची बायको धावत आली. "अगं, पावणं जेवतंय अजून!"

"जेवू दे की. मी काय त्यांचं ताट घेऊन चाललेय?"

दुसऱ्या दिवशी पाव्हणे गिरणीत आले. दळण नव्हतं. पट्टा थांबेपर्यंत उभे राहिले.

"बाई, काल तुमी उठला."

"उठले."

"बरं केलं. कुणीतरी उठून बघायलाच पायजे, आभाळ पडतंय का." दारापर्यंत जाऊन ते वळले. "पर परत नका उठू."

ते आमचे कुणाचेच पाव्हणे नव्हते. नव्वदनंतरच्या एका हिवाळ्यात पत्र्याची पेटी घेऊन आळीत आले आणि पहिल्या ओट्यावर बसून त्यांनी पाणी मागितलं. "कुठलं पावणं?" कुणीतरी विचारलं. त्यांनी दक्षिणेकडच्या डोंगराकडे हात केला आणि म्हणाले, "पल्याडचा." तेवढी ओळख जुन्नरमध्ये पुरली. गुरुजींच्या घरामागची खोली त्यांनी भाड्याने घेतली. गुरुजी म्हणजे हायस्कुलात इतिहास शिकवून निवृत्त झालेले, आळीतले सगळ्यांत बोलके गृहस्थ. पुढे पाव्हण्यांचं खरं नाव गुरुजींना तरी माहीत असेल, पण आमच्या तोंडी 'पाव्हणे' बसलं ते बसलं. पंधरा वर्षं राहिलेल्या माणसाला पाव्हणा म्हणतात हे बाहेरच्यांना विचित्र वाटायचं. त्यांना नाही वाटायचं.

पेटीत स्टोव्ह दुरुस्तीचं सामान होतं. दुकान काढलं नाही. रोज एका ओट्यावर बसून काम करायचं, दुसऱ्या दिवशी पुढच्या ओट्यावर. आळीच्या एका बाजूने वर जायचं, दुसऱ्या बाजूने खाली यायचं, सणवार सोडून. आपला स्टोव्ह कधी दुरुस्त होणार हे ते आज कुठल्या ओट्यावर आहेत यावरून बायका ओळखत. एकदा जोराचा पाऊस होता, तर मी म्हटलं, आज इथेच बसा, माझ्या ओट्यावर पत्रा आहे. कालही ते माझ्याच ओट्यावर होते.

"नको. एकाच ओट्यावर रोज बसलं की मालक हाय असं वाटाय लागतं," म्हणाले आणि भिजत पलीकडे गेले.

आता ओट्यांबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं त्यांच्यामुळे झालं. आळीतली घरं एकासारखी एक नव्हती. एकाला कोरीव खांब, एकाला सिमेंटचा गिलावा, एकावर नुसता पत्रा. पण दोन्ही बाजूंचे ओटे काळ्या दगडाचे, एका उंचीचे, एका रुंदीचे, आळीच्या या तोंडापासून त्या तोंडापर्यंत सलग. कुणी पेशवाईतले म्हणे, कुणी त्याही आधीचे. आळीत लग्न असलं की मंडप कुणाच्याही दारात असो, पंगत मात्र दोन्ही बाजूंच्या ओट्यांवर बसे, समोरासमोर. वाढपी मधल्या रस्त्याने उभ्यानेच वाढत जाई, वाकावं लागत नसे. ज्याने कुणी ते बांधले त्याला वाढप्याच्या कमरेची काळजी होती, एवढं मी खात्रीने सांगते.

मग एक दिवस भिंतींवर तांबडे पट्टे आले. रस्ता रुंद होणार होता. पट्टा ओट्यांच्या मागून जात होता, म्हणजे ओटे पूर्ण जाणार आणि काही घरांच्या पुढच्या भिंतीही.

माझं मत तेव्हा रस्त्याच्या बाजूने होतं. गहू-बाजरीची पोती घेऊन येणारा टेम्पो आळीत शिरत नव्हता, पोती डोक्यावरून आणावी लागत. पण विरोधाच्या सभा माझ्याच गिरणीत भरू लागल्या, कारण वीज गेल्यावर आळीतली तेवढी एकच मोठी जागा रिकामी असे. मी पिठाच्या डब्यावर बसून ऐकत असे.

गुरुजी म्हणायचे, "हा ऐतिहासिक वारसा आहे. पुढच्या पिढ्या आपल्याला माफ करणार नाहीत."

शेठ म्हणायचे, "वारसा ठेवा बाजूला, गुरुजी. माझं निम्मं दुकान जातंय, त्याचं बोला."

आळीतलाच एक तरुण वकील होता, पुण्याला कोर्टात जाऊन-येऊन असायचा. तो कलमं सांगायचा. सगळे माना डोलवायचे. मग कोपऱ्यातून आवाज यायचा.

"ते समदं खरं. पर पंगत कुठं बसंल?"

हशा. प्रत्येक सभेला हाच प्रश्न, आणि प्रत्येक वेळी हशा.

"हॉलमधी बसंल, पावणं! टेबलखुर्चीवर," शेठ म्हणाले. "आन तुमच्यासाठी येगळं टेबल मांडू, दुसऱ्या दिवसापर्यंत जेवा."

"टेबलावर पाठीमागून वाढत्यात," पाव्हणे म्हणाले. "वाढणाऱ्याचं त्वांड दिसत नाय."

मला खरी उत्सुकता वेगळी होती. या माणसाचं आळीत घर नाही, ओटा नाही, पट्टा त्याच्या कशावरूनही जात नाही. मग एकही सभा न चुकवता तो का येतो? मी सरळ विचारलं. "पाव्हणे, यात तुमचं काय जातंय?"

"पिन सापडंना," म्हणाले आणि स्टोव्हच्या बर्नरमध्ये डोकं घातलं.

आळीने आपापली उत्तरं काढली. कुणी म्हणालं, निवडणुकीला उभं राहायचंय. कुणी म्हणालं, ओट्याखाली काहीतरी पुरलेलं त्यांना ठाऊक आहे. शेठना वाटलं, फुकटची जागा जाते म्हणून धडपड आहे, म्हणून त्यांनी भल्या मनाने सांगितलं, "ओटे गेले तरी काळजी करू नका. माझ्या दुकानात कोपरा देतो तुमाला, कायमचा."

पाव्हण्यांनी हात जोडले. "कोपरा नको, शेठ. कायमचा तर नकोच." म्हणजे तेही कारण नव्हतं. माझ्या डोक्यातला भुंगा तसाच राहिला.

पाडापाडी सुरू होण्याचा दिवस ठरला तेव्हा वकील स्थगितीसाठी पुण्यात होता. सुनावणी त्याच दिवशी. निकाल लागला की तो गिरणीसमोरच्या एसटीडी बूथवर फोन करणार होता. स्थगिती मिळाली तरी ती दुपारच्या आत मिळणं कठीण, आणि बुलडोझर तर सकाळीच आळीच्या तोंडाशी येऊन उभा राहिला. त्याच दिवशी गुरुजींकडे सत्यनारायण होता. तो आधीपासून ठरलेला होता, असं गुरुजी आजही शपथेवर सांगतात.

सोबत आलेले साहेब साताऱ्याकडचे, वागायला सरळ. आळीत ओट्यांवर पानं मांडलेली बघून ते थबकले.

"काय कार्यक्रम आहे?"

"पूजा आहे साहेब," गुरुजी म्हणाले. "एकच पंगत. मग तुमचं काम करा."

"होऊ द्या. जेवत्या माणसाला उठवायला मी नाही आलो."

"आता आलाच आहात तर प्रसाद घ्या," शेठ म्हणाले. हे ते कावेबाजपणाने बोलले नाहीत. दारात आलेल्याला जेवायला बसवायचं, एवढंच त्यांच्या डोक्यात. साहेब नको नको म्हणत बसले. बुलडोझरवाला तर बोलवायची वाट बघत होता. आणि साहेबांना जिथे जागा मिळाली ती पाव्हण्यांच्या शेजारी. त्यांना कुणी सांगितलं नाही. सांगणार कोण?

मी वाढत होते. त्या दिवशीची पंगत कुठे चालली आहे हे माझ्या पहिल्या भाताच्या फेरीतच लक्षात आलं. साहेबांचं पान निम्मं संपलं होतं आणि पाव्हणे मिठाकडे बघत होते.

ऊन डाव्या बाजूच्या ओट्यांवर होतं. माणसं जेवली. बोटं चाटून झाली. हात सुकले. बुलडोझरवाल्याने दोनदा ढेकर दिली आणि समोरच्या ओट्यावरून हाक मारली, "ओ भाऊ, आवरा की लवकर, मला संध्याकाळी मंचरला गाडी लावायचीय."

पाव्हण्यांनी डावा हात वर केला. डोळे मिटलेले.

साहेब हळूच गुरुजींना म्हणाले, "हे गृहस्थ आजारी आहेत का?"

"नाही, नाही. असेच जेवतात."

"किती वेळ?"

गुरुजींनी आभाळाकडे बघितलं.

साहेबांना उठता आलं असतं. ते साहेब होते, पाहुणे होते, कामावर होते. त्यांनी एकदा पाय हलवलाही. मग समोरच्या ओट्यावर सुकलेले उष्टे हात तसेच धरून बसलेल्या म्हाताऱ्यांची रांग बघितली, आणि पाय परत घेतला. "आमच्याकडंपण असंच आहे," म्हणाले. "आईनं फोडून काढलं असतं."

मी बूथकडे बघितलं. बूथवाला दारात उभा होता, त्याने मान हलवली. फोन नाही. मी भाताचं भांडं उचललं, सगळ्यांना ओलांडून पाव्हण्यांसमोर गेले आणि त्यांच्या पानावर मोठी मूद टाकली. त्यावर वरण. त्यावर तूप. त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. मला रस्ता हवा होता हे त्यांना माहीत होतं.

"भात घ्या," मी म्हटलं. "संकोच करू नका."

ऊन डाव्या ओट्यांवरून उतरलं, रस्ता ओलांडला आणि उजव्या ओट्यांवर चढलं. पाव्हणे ताकावर आले तेव्हा बूथवाला पळत आला. स्थगिती मिळाली होती. कागद मागून येणार होते, पण वकिलाने साहेबांना फोनवर बोलावलं होतं. तरी साहेब उठेनात. पाव्हण्यांनी ताकाचा शेवटचा घोट घेतला, पानाला नमस्कार केला आणि सगळी आळी एकदम उभी राहिली. मग साहेब हात धुऊन फोनवर गेले. परत आले तेव्हा हसत होते. जाताना पाव्हण्यांना म्हणाले, "काका, तुम्ही आमच्या खात्यात पाहिजे होता."

आळीत अजून सांगतात की त्या दिवशी पाव्हणे मुद्दाम हळू जेवले. मी समोर वाढत होते. ते खोटं आहे. ते रोज जेवत तसेच जेवले.

स्थगिती टिकली. पुढे रस्ता गावाबाहेरून नेला. टेम्पोसाठी मी मागच्या बोळाकडची भिंत फोडून नवं दार करून घेतलं आणि माझा प्रश्न सुटला. हे आधी का सुचलं नाही देव जाणे.

नंतर जे झालं ते सभेत कुणाच्या डोक्यात नव्हतं. काही वर्षांनी शेठनी आपला ओटा आपणच फोडला आणि तिथपर्यंत दुकान पुढे आणून शटर लावलं. मग त्यांच्या शेजाऱ्याने मोबाइलच्या दुकानासाठी. मग पलीकडच्याने. तांबडे पट्टे नव्हते, बुलडोझर नव्हता. लग्नं हॉलमध्ये गेली. पाव्हण्यांच्या फेरीतले ओटे एकेक करून कमी होत गेले आणि शेवटी ते एक दिवस गुरुजींकडे आणि एक दिवस माझ्याकडे बसू लागले. स्टोव्हही येईनासे झाले होते. घरोघर गॅस आला होता.

मी चिडले होते. "तेव्हा सगळी आळी बसवून ठेवलीत. आता का गप्प?"

"तवा सरकार पाडत व्हतं. आता घरधनी पाडतोय. घरधन्याला पावण्यानं काय सांगायचं? पाणी मागायचं, दुवा द्यायचा न् निघायचं."

'निघायचं' हा शब्द मला आवडला नाही.

त्या वैशाखात मला घोडेगावला जावं लागलं. गिरणीची मोटार जळली होती आणि तिथे एकाकडे जुनी मोटार विकायला होती. एसटीत पाव्हणे दिसले. मांडीवर फडक्यात भाकरी.

"कुठे?"

"घरी."

इतक्या वर्षांत हा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. मोटारवाला तिसऱ्या प्रहरी भेटणार होता. मी घोडेगावला उतरले नाही.

डिंभ्याच्या धरणाच्या कडेने गाडी बरीच पुढे गेली आणि एका वळणावर आम्ही उतरलो. पाणी खूप खाली गेलं होतं. उतारावर भेगाळलेली राखाडी माती, मधेमधे वाळलेली झाडांची खोडं. पाव्हणे पुढे, मी मागे. आणि मग ते दिसले.

ओटे. दगडी, समोरासमोर, दोन रांगा. मागे घरं नाहीत. नुसते ओटे, गाळातून वर आलेले, जसे काही मंडप अजून घालायचा आहे.

"भिंती मातीच्या. इरघळल्या," ते म्हणाले. "लाकूड लोकांनी आदीच नेलं. ओटं कोण नेणार? धा म्हयनं पाण्याखाली, दोन म्हयनं वर. मी दरसाल येतो." मधून चालताना ते दोन्हीकडे बघत सांगत होते, "हे सुताराचं. हे वाण्याचं. हे आमच्या चुलत्याचं. आन हे आमचं."

त्यांनी डोक्यावरची टोपी काढून ओट्यावरची माती झटकली. मग बाजूला झाले आणि मला म्हणाले, "बसा, पावणं."

मी बसले. दगड तापला होता. त्यांनी भाकरी मोडून निम्मी मला दिली, वर मिरचीचा ठेचा आणि कांदा. समोर पाणी चकाकत होतं.

"गाव उठलं तवा शेवटचं गावजेवान हितंच झालं. ह्या ओट्यांवर," ते म्हणाले. अजून पहिला घास घेतला नव्हता म्हणून बोलत होते. "वर ट्रक हुबं. डायवर सारखा हारन मारायचा. एकेक करून समदं उठलं. मागं मी एकटाच ऱ्हायलो पानावर."

"म्हणून तुम्ही इतकं हळू जेवता?"

"छ्या! मी ल्हानपणापासून असाच. आई त्यापायी मारायची मला." त्यांनी ठेच्याकडे पाहिलं, कांद्याकडे पाहिलं, घास केला आणि डोळे मिटले.

माझी अर्धी भाकरी कधीच संपली. हात धुवायला पाणी समोर होतं. घोडेगावला मोटारवाला वाट बघत असणार होता आणि परतीची गाडी वळणावर येताना दिसली. धूळ दिसली, मग हॉर्न ऐकू आला. ड्रायव्हरने आम्हाला वरून पाहिलं असावं. त्याने गाडी थांबवली आणि पुन्हा पुन्हा हॉर्न दिला. मी पळाले असते तर मिळाली असती. पाव्हण्यांच्या हातात अजून चतकोर होती.

गाडी निघून गेली. हॉर्न बंद झाल्यावर त्यांनी डोळे उघडले. डावा हात वर केला, घास गिळला.

"पावणं, गाडी गेली की तुमची."

"जाऊ दे," मी म्हटलं. "तुमचं होऊ द्या."